वरची फळी, खालची फळी

१० जानेवारी

मामा,

पाकीट कोणी उघडलंय का ते आधी तपासलंस ना? तपासलंसच असणार. बरं, आता वाच.

फोन न करता पत्र लिहितेय, कारण फोनवर तुला अर्धं ऐकू येत नाही आणि उरलेलं अर्धं मला ओरडून सांगता येत नाही. मी उतरलेय त्या खोलीची भिंत पुठ्ठ्याची म्हणावी इतकी पातळ आहे. पलीकडे ज्या दोघी राहतात, त्या नेमक्या त्याच लॅबमध्ये कामाला आहेत जिथे मला मुलाखतीला बोलावलंय.

लॅब दातांची. डॉक्टर लोक पेशंटच्या तोंडाचं माप पाठवतात, इथे त्यावरून कॅप, ब्रिज, कवळ्या तयार होतात. आधी प्लास्टरचा साचा, मग मेणात कोरलेला दात, मग धातू, आणि शेवटी पोर्सिलीनचे थर देऊन भट्टी. खरी कला त्या शेवटच्या टेबलावर. आमच्या कोर्सात भट्टी होती, पण कुलपात. सर म्हणायचे, परीक्षेनंतर दाखवतो. परीक्षा झाली आणि सर नोकरी सोडून गेले.

माझा बेत आईनं तुला सांगितलाच असेल, तिच्या तोंडात काही राहत नाही. (हल्ली दातही राहत नाहीत.) घरासमोरची दातांची डॉक्टरीण म्हणालीय, पुढच्या वर्षाच्या शेवटापर्यंत सगळं काम शिकून ये, दवाखान्यामागची खोली तुला देते, माझं सगळं काम तुझ्याकडे. आत्ता तिचं काम बाहेर जातं आणि परत येतं तेव्हा धड बसत नाही. आईचंच बघ, हसायचं झालं की हात तोंडावर. ती खोली मी आत जाऊन बघितली मामा. मोठी खिडकी आहे, दिवसभर सारखा उजेड. दाताचा रंग जुळवायला तसाच लागतो. आजवर मला काहीच इतकं हवंसं वाटलेलं नाही.

आता मुद्दा. मुलाखतीत म्हणे विचारतात, पुढे काय करायचं ठरवलंय? खरं सांगू? सांगितलं तर घेतील? नाही सांगितलं आणि पकडले गेले तर? तू आयुष्यभर टेबलाच्या त्या बाजूला बसलास. तूच सांग.

तुझी खार


१६ जानेवारी

खारूताई,

पाकीट तपासलं. डाव्या कोपऱ्याला डिंक जास्त होता. तूच लावलास का, ते कळव.

आता नीट ऐक. कारखान्यात मी उभा जन्म माणसं घेण्याचं काम केलं. 'पुढे काय ठरवलंय' हा प्रश्न मीच विचारायचो, त्यामुळे तो कशासाठी असतो हे मला कोणी शिकवायला नको. विचारणाऱ्याला तुझ्या भविष्याशी काडीचं देणंघेणं नसतं. तू कधी पळणार एवढंच त्याला काढून घ्यायचं असतं. जो म्हणाला, 'साहेब, दोन वर्षांनी स्वतःचं काढणार', त्याला मी चहा पाजला, पाठीवर हात फिरवला आणि घरी पाठवला. जो म्हणाला, 'इथूनच निवृत्त होईन', त्याच्यावरही माझा विश्वास बसला नाही, पण त्याला घेतला. फरक लक्षात आला ना?

तेव्हा तू म्हणायचं, इथेच राहणार. डोळे खाली घालू नकोस, रोखूनही बघू नकोस. समोरच्याच्या हनुवटीकडे बघ. हनुवटीकडे बघणारा माणूस प्रामाणिक दिसतो, हे मी अनुभवानं सांगतो.

दुसरं. त्या डॉक्टरीणबाईला लॅबचं नाव कळू द्यायचं नाही. आईलाही नाही, तिला कळलं म्हणजे गल्लीला कळलं. दातवाले सगळे एकमेकांना ओळखून असतात. एक फोन गेला की तुझा बेत मालकाच्या कानावर. ताकास तूर लागू देऊ नकोस.

इकडे माझा गुडघा पुन्हा रुसलाय. उभं राहून स्वयंपाक होत नाही, म्हणून कोणी मिळतंय का बघतोय. काल एक बाई येऊन गेली. किती दिवस राहाल विचारलं तर म्हणाली, 'तुम्ही असेपर्यंत.' म्हणजे माझ्या मरणावर डोळा. नको म्हणून सांगितलं.

सावध राहा.

मामा


२ फेब्रुवारी

मामा,

घेतलं मला! डिंक मीच लावला होता.

लॅबची मालकीण एक बाई आहेत, सगळे त्यांना बाईच म्हणतात. पांढरा कोट, बाह्यांवर वाळलेलं प्लास्टर, चष्मा कपाळावर आणि तोच चष्मा टेबलावर शोधत होत्या. माझी सर्टिफिकिटं बघितलीच नाहीत. मेणाचा गोळा पुढे सरकवला आणि म्हणाल्या, खालची दाढ कोर. मी कोरत होते आणि त्या माझ्या हातांकडे बघत होत्या. मग अगदी सहज, हवापाण्याचं विचारावं तसं, 'पुढे काय ठरवलंयस? किती दिवस राहशील?'

मी हनुवटीकडे बघितलं. म्हटलं, 'बाई, मला इथेच राहायचंय. निवृत्त होईपर्यंत.' त्या म्हणाल्या, 'बरं.' नुसतं बरं. पेनसुद्धा उचललं नाही.

माझ्याबरोबर आणखी एकाला घेतलं. त्याच्या डोक्यावर आतबाहेर सदा लोकरीची टोपी, म्हणून सगळे त्याला टोपीच म्हणायला लागलेत. जिन्यावर मी त्याला विचारलं, तू काय सांगितलंस? तो म्हणाला, 'खरं ते सांगितलं. दोन वर्षं, मग माझी स्वतःची लॅब.' आणि तरी घेतला त्याला! तेव्हाच माझ्या मनात पाल चुकचुकली.

पुढचं ऐक. इथे नव्या माणसाचं पहिल्याच दिवशी स्वतःच्या तोंडाचं माप घेतात. तो गिळगिळीत लगदा तोंडात धरून मी बसले, लाळ हनुवटीवर, डोळ्यांत पाणी. बाई म्हणाल्या, 'लोकांच्या तोंडात काय जातं ते आपल्याला ठाऊक हवं.' मग त्या मापात प्लास्टर ओतून आपल्याच जबड्याचा साचा करायचा. तळाला पेन्सिलीनं नाव. ते साचे बाईंच्या केबिनमध्ये दोन फळ्यांवर मांडून ठेवलेत, सगळे दात विचकून बघत असतात. वरची फळी गच्च भरलीय. खालच्या फळीवर मोजकेच. टोपीचा साचा बाईंनी स्वतः वर ठेवला. माझा खाली.

खाली कोण आहेत? माझ्या शेजारच्या खोलीतल्या दोघी, ज्या वर्षानुवर्षं प्लास्टरच कालवतात. आणि एक पॉलिशवाले काका, जे कोणाशी बोलत नाहीत. मला खाली का ठेवलं असेल? कोणाला विचारायची सोय नाही, विचारलं की विचारलं म्हणून कळणार.

खार


९ फेब्रुवारी

खारूताई,

अभिनंदन. आता घाबरू नकोस, पण तुला ओळखलंय.

मी रात्रभर विचार केला. वरची फळी मर्जीतल्यांची, खालची नजरेखालच्यांची. खाली म्हणजे डोळ्यांसमोर, बसल्या जागेवरून दिसेल अशी. पेन उचललं नाही म्हणालीस, तेच मला खटकलं. ज्या उत्तरावर विश्वास बसतो ते माणूस लिहून घेतो. तो टोपी तर मला मालकिणीचा हेर वाटतो. नवा माणूस जिन्यात भेटलेल्या मुलीला आपला बेत सांगतो? कशासाठी? तिनंही सांगावं म्हणून. बोलली नाहीस ना काही?

मग घेतलं का, असं तू विचारशील. कारण तुझा हात चांगला आहे. काम काढून घेतील, शिकवणार काही नाहीत, आणि पुरावा हाती आला की नारळ.

उपाय एकच. त्यांना इतकी खात्री पटव, इतकी पटव की शंकेला जागाच राहू नये. इथेच मुळं धरल्यासारखी वाग. बोलण्यात पुढच्या दहा वर्षांच्या गोष्टी येऊ देत. आणि शिकण्याची हौस दाखवू नकोस. जो सगळं शिकायला धावतो तो पळणारा, हे मला कारखान्यात डोळे मिटून कळायचं.

मामा


२० एप्रिल

मामा,

मधे लिहिलं नाही, कारण निष्ठा दाखवण्यात वेळ जातो.

तू म्हणालास तसं सगळं करतेय. स्वतःचा कप आणून त्यावर नेलपॉलिशनं नाव लिहिलं. जेवणाच्या सुट्टीत सगळ्यांसमोर विचारलं, इथे पेन्शनचं काय असतं? पॉलिशवाले काका पहिल्यांदा माझ्याकडे बघून हसले. जवळपास मोठी खोली आहे का, कायमची बघतेय, असंही म्हणून झालं. बाईंच्या समोर म्हटलं की मला गावाकडे करमतच नाही. हे बोलताना आईचा चेहरा डोळ्यांपुढे आला आणि मला रडू येईल असं वाटलं, पण दिसलं नसावं.

मी अजून मेणाच्याच टेबलावर आहे. सकाळपासून संध्याकाळपर्यंत मेण. टोपी मेण करून धातूवर गेला, आता त्याला पोर्सिलीनला बसवलंय. बाई स्वतः शेजारी बसून शिकवतात. ओल्या ब्रशनं ती पावडर कशी उचलायची, थर द्यायचा, टिपकागदानं पाणी कसं ओढून घ्यायचं. मी मान न वळवता जेवढं दिसेल तेवढं बघते. टोपी मला बोलावतो, 'ये ना, बघ, मजा आहे.' मी जात नाही. हेर तो हेर.

गेल्या आठवड्यात बाई माझ्या टेबलाशी आल्या. माझी एक दाढ उजेडात धरून बघितली आणि म्हणाल्या, 'कधी पोर्सिलीन शिकावंसं वाटतं का गं?' मामा, जीभ हो म्हणायला पुढे आली होती. पण तुझं पत्र आठवलं. म्हटलं, 'नाही बाई, मला मेणच आवडतं. मी इथेच बरी.' बाईंनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. 'हल्ली असं कोणी म्हणत नाही,' म्हणाल्या. वाचले ना मी?

आणि काल एक सुतार आला. बाईंनी मला खुर्चीवर ताठ बसायला सांगितलं आणि त्यानं टेप लावून माझं माप घेतलं. खांद्यापासून कोपर, कोपरापासून जमीन, गुडघा. बाकी कोणाचं नाही, फक्त माझं. हे कशासाठी असेल?

खार


२७ एप्रिल

खारूताई,

शाब्बास. पोर्सिलीनचा गळ होता आणि तू तो गिळला नाहीस. माझ्या हाताखाली असतीस तर मी तुला बढती दिली असती.

सुताराची गोष्ट मात्र गंभीर आहे. सुतार एकट्या माणसाचं माप घेतो ते दोनच गोष्टींसाठी, आणि शवपेटीसाठी तू अजून तरुण आहेस. मला वाटतं तुझ्याभोवती आडोसा घालणार. तू तिकडे बघू नयेस म्हणून. कुठेतरी पाणी मुरतंय. डोळे उघडे ठेव.

माझ्याकडे स्वयंपाकाला एक बाई ठेवली. हिचं तर फारच विचित्र. मी विचारायच्या आत म्हणाली, 'काका, ऑगस्ट संपेपर्यंतच येईन. मुलीचं बाळंतपण आहे, मग मी तिच्याकडे जाणार.' मी चाट. इतकं खरं कोण बोलतं? पहिल्याच भेटीत? नक्की काहीतरी शिजतंय, आणि ते भाजीच्या पातेल्यात नाही. पण हाताला चव आहे, म्हणून ठेवली. लक्ष आहे माझं.

मामा


१५ जुलै

मामा,

आडोसा नव्हता. टेबल होतं.

माझ्या मापाचं नवंकोरं टेबल. कोपर टेकायला दोन्ही बाजूंना कातड्याच्या गाद्या, पाय ठेवायला माझ्या उंचीची फळी, मेण तापवायचा दिवा डाव्या हाताला, कारण मी डावरी आहे. इतक्या दिवसांत माझी पाठ पहिल्यांदा दुखली नाही. सगळे बघायला आले. प्लास्टरवाल्या दोघी म्हणाल्या, आम्हाला नाही कधी असं टेबल. मला ते बघून घाम फुटला. कोण कोणाला एवढं का देतं?

आणि दुसरं. परवा आईचा फोन होता. तिनं विचारलं, कुठवर आलं शिक्षण? मला तिच्याशी खोटं बोलवेना. म्हटलं, अजून मेणच. नुसतं मेण. आता ती ते समोरच्या दवाखान्यात जाऊन सांगणार. अर्धं वर्ष गेलं मामा. टोपी पुढच्या दातांचा अख्खा ब्रिज एकटा करतो आणि मला फक्त मेण येतं. ती खोली मला रोज दिसते, खिडकीसकट. माझ्या हातून ती चाललीय.

एक विचारते, राग मानू नकोस. तू बाईंना ओळखत नाहीस ना? कधी त्यांना काही कळवलं नाहीस ना? मला आता सगळ्यांचाच संशय येतो. परवा कपातला चहा थंड होता, तर वाटलं कोणीतरी तो मुद्दाम थंड केलाय.

खार


२१ जुलै

खारूताई,

राग आला. मग अभिमानही वाटला. माझाही संशय घ्यावा इतकी तू तयार झालीस. नाही, मी तुझ्या बाईंना ओळखत नाही. पण हा प्रश्न तुला कोणी विचारायला सांगितला, ते कळव.

आता एक युक्ती सांगतो. साफसफाईच्या दिवशी तुझा साचा गुपचूप वरच्या फळीवर ठेव, टोपीच्या शेजारी. आणि बाई काय करतात ते बघ. काही बोलल्या नाहीत तर फळ्यांना अर्थ नाही. चिडल्या तर माझं खरं. माणूस बोलून फसवतो, हातानं फसवू शकत नाही.

माझी स्वयंपाकीणबाई पुन्हा म्हणाली, 'काका, ऑगस्टनंतर मी नाही हं, कोणीतरी बघून ठेवा.' पगार वाढवून घ्यायचा डाव आहे. मी नुसता हसलो.

मामा


५ ऑगस्ट

मामा,

केलं. शनिवारी फळ्या पुसायचं काम मागून घेतलं आणि माझा साचा वर सरकवला.

सोमवारी बाईंनी केबिनमध्ये बोलावलं. साचा त्यांच्या हातात होता. चिडल्या असतील म्हणावं तर चेहरा हसरा. म्हणाल्या, 'पुसताना इकडचं तिकडे झालं वाटतं,' आणि साचा जपून परत खाली ठेवला. पुढचे दात बाहेरच्या बाजूला येतील असा नीट वळवूनसुद्धा.

मला राहवेना. विचारलं, 'बाई, वर आणि खाली यात फरक काय?'

'अगं, तुला कोणी सांगितलंच नाही का? वर आहेत ते जाणारे. खाली आहेत ते राहणारे.'

त्यांना वाटलं मला कळलं नाही, म्हणून समजावून सांगितलं. 'मुलाखतीत मी विचारते ना, किती दिवस राहशील, ते त्याचसाठी. जाणारा असेल त्याला मला सगळ्या टेबलांवरून फिरवावं लागतं, मेणापासून भट्टीपर्यंत, तेही घाईनं. उद्या तो स्वतः दात करून पाठवणार. तो मोडला तर लोक विचारणार, शिकलास कुठे? शिवाय जाणाऱ्याला जागा बघून द्यावी लागते, डॉक्टर गाठून द्यावे लागतात. राहणाऱ्याला कशाला पळवू? त्याचं एक टेबल त्याचं. त्यावर हात बसू दे निवांत.'

मी विचारलं, 'आणि कोणी खोटं सांगितलं तर?'

'मला? कशाला सांगेल? खरं सांगून इथे कोणाचं काही गेलेलं नाही.' मग म्हणाल्या, 'तुला तरी एकदा विचारून बघितलं होतं, पोर्सिलीनचं. म्हटलं, हात इतका चांगला आहे, मन बदललं असेल. पण तू पक्की. म्हणून तर टेबल करून घेतलं. वीस वर्षं बसायचंय, पाठ टिकली पाहिजे.'

मामा, बाईंनी मला ओळखलं नव्हतं. पकडलंही नव्हतं. गळ नव्हता, हेर नव्हता, काही नव्हतं. मी जे बोलले ते त्यांनी खरं मानलं. आपण दोघांनी काय काय शंका काढल्या, पण हिनं विश्वास ठेवला असेल, एवढी एक आपल्याला सुचली नाही.

मी तिथेच सांगायला हवं होतं. तशीच बाहेर आले. त्या टेबलावर बसून पुन्हा मेण कोरायला लागले. आता सांगू का? लगेच कळव.

खार


१० ऑगस्ट

खारूताई,

थांब.

तुझं पत्र तीनदा वाचलं. ही गोष्ट फार सरळ आहे. इतकी सरळ गोष्ट मी कोणत्याही टेबलाच्या कोणत्याही बाजूला पाहिलेली नाही, आणि म्हणूनच मला ती पटत नाही. तू साचा हलवलास हे त्यांना कळलं असेल, आणि तू आपणहून बोलावंस म्हणून हे सगळं रचलं असेल. महिनाभर जाऊ दे. टोपीला खरंच कुठे जागा बघून देतात का, यावर लक्ष ठेव. दिली तर मग बोल.

माझ्या स्वयंपाकीणबाईनं आज तिसऱ्यांदा सांगितलं, महिनाअखेर शेवटचा दिवस. मी म्हटलं, बघू.

मामा


३० ऑगस्ट

मामा,

टोपीला जागा बघून दिली.

शुक्रवारी बाई फोन ठेवून बाहेर आल्या, खुशीत होत्या. सगळ्यांसमोर टोपीला म्हणाल्या, 'तुझं काम झालं. एका डॉक्टरीणबाई आहेत, लॅबालॅबांत फोन करून पुढच्या वर्षाअखेर तयार होईल असा माणूस शोधत होत्या. त्यांची एक मुलगी ठरली होती म्हणे, पण ती कुठल्याशा लॅबमध्ये मेणावरच अडकलीय, तिच्या आईनंच सांगितलं. दवाखान्यामागे खोली आहे. मोठी खिडकी आहे.' मग माझ्याकडे वळल्या. 'अगं, तुझ्याच गावच्या आहेत त्या! ओळखतेस का? याला जरा गावाची माहिती दे. तुला काय, जायचं नाही.'

मी दिली माहिती. आपल्या दारावरून कसं जायचं, तेही सांगितलं. आईची पुढची कवळी टोपी करणार, मामा.

समोरच्या डॉक्टरीणबाईला जर लॅबचं नाव माहीत असतं, तर तिनं फोनवर माझंच नाव घेतलं असतं. पाच तारखेला मी तोंड उघडलं असतं, तर बाईंनी मलाच पाठवलं असतं. मी तुझ्यावर रागावलेय. हे पत्र रागाचंच आहे. तुझ्याइतकीच स्वतःवर रागावलेय, कारण तू लांब होतास आणि बाई रोज समोर होत्या. मला डोळे होते आणि मी हनुवटीकडे बघत राहिले.

संध्याकाळी केबिनमध्ये जाऊन सगळं सांगितलं. खोली, डॉक्टरीण, तुझी पत्रं, कपावरचं नेलपॉलिश. बाईंनी विश्वास ठेवला नाही. पहिल्यांदाच. म्हणाल्या, 'टोपीला मिळालं म्हणून वाईट वाटतंय का? की दुसऱ्या लॅबनं बोलावलंय? कोणी फोडलं तुला?' मी रडले. तेही त्यांनी नीट निरखून बघितलं, खरं आहे का म्हणून. कोणाकडे तसं बघायची त्यांना सवय नाही, मामा. ती मी लावली.

शेवटी म्हणाल्या, 'मी शब्द दिलाय, तो आता फिरवता येत नाही.' मी म्हटलं, फिरवू नका. मग त्यांनी पहिल्या दिवसाचाच प्रश्न विचारला, 'किती दिवस राहशील?' मी त्यांच्या डोळ्यांकडे बघितलं आणि म्हटलं, 'माहीत नाही.'

'माहीत नाही म्हणणाऱ्यांसाठी माझ्याकडे फळी नाही,' बाई म्हणाल्या. उठून माझा साचा खालच्या फळीवरून काढला, वर ठेवला नाही. त्यांच्या टेबलावर, चष्म्याच्या घराशेजारी ठेवलाय.

सोमवारपासून मी टोपीच्या बाजूला स्टुलावर बसते. स्टूल बुटकं आहे, पाठ मोडते. ब्रश धरायला तोच शिकवतो. काल म्हणाला, 'मी तर तुला रोज बोलवत होतो.' माझं नवं टेबल रिकामं आहे, दुसऱ्या कोणाचं कोपर त्यावर बसत नाही.

यापुढे सल्ला विचारणार नाही. खुशाली विचारेन.

खार


६ सप्टेंबर

खारूताई,

पाकीट न तपासता फोडलं.

तुझा राग पोचला. मला पत्र लिहायला उशीर झाला, कारण माझ्या घरी एक गोष्ट घडली आणि ती कोणाला सांगावी हे कळेना. ती गेली.

एकतीस तारखेला भांडी घासून पालथी घातली, ओट्यावर फडकं वाळत टाकलं, म्हणाली, 'काका, येते. गुडघ्याला शेक द्या.' मी म्हटलं, बरं. दुसऱ्या दिवशी मी दार लोटून खुर्चीत बसलो. मनात म्हटलं, आता येईल, पगाराचं बोलेल. दुपार झाली. तिसऱ्या दिवशीसुद्धा मी दाराला कडी लावली नव्हती. ती नाही आली गं. पहिल्या दिवशी सांगितलं होतं तशीच, ठरल्या दिवशी गेली. मी जन्मभर माणसांना विचारत आलो, कधीपर्यंत राहाल, आणि एकाचंही उत्तर धरून चाललो नाही. हिनं चार चार वेळा सांगूनही मी दुसरी बाई शोधली नाही. आठवडाभर पाव खातोय.

तुझी खोली माझ्यामुळे गेली. हे दुसऱ्या कोणत्याही शब्दांत लिहायचा प्रयत्न केला, जमला नाही.

पोर्सिलीन कसं चाललंय ते लिही. स्टुलावर उशी घे. आणि एक विचारायचंय, यात काही डाव नाही. मला भेटायला कधी येशील? जमणार नसेल तर तसं लिही. तारीख सांगितलीस, तर त्या तारखेला मी जिन्याखाली उभा असेन, गुडघा काहीही म्हणो.

मामा